एक सूत्र आणि त्याचा विस्मृतीत गेलेला जनक

१/ एका वेळी किती माल तयार करून ठेवावा? कारखानदारीतील हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. अंदाज चुकला, तर मात्र भांडवल गोदामात अडकून पडते किंवा यंत्रे वारंवार थांबवावी लागतात. १९१३ मध्ये या प्रश्नाला गणिती उत्तर मिळाले. उत्तर देणारा मात्र विस्मृतीत गेला.

२/ त्यांचे नाव फोर्ड व्हिटमन हॅरिस (१८७७–१९६२). शालेय शिक्षणापलीकडे महाविद्यालयाची पायरीही न चढलेल्या या अमेरिकन गृहस्थांनी वेस्टिंगहाउस कंपनीत अभियंता म्हणून काम केले होते. फेब्रुवारी १९१३ मध्ये ‘फॅक्टरी’ या मासिकात त्यांचा एक छोटा लेख प्रसिद्ध झाला.

३/ त्यांचा युक्तिवाद असा: नवा सुटा भाग बनवायचा, तर यंत्राची जुळणी पुन्हा करावी लागते. नग दहा असोत वा हजार, हा खर्च तेवढाच. म्हणून मोठी खेप स्वस्त पडते. परंतु खेप जितकी मोठी, तितका साठा अधिक आणि त्यात गुंतलेल्या पैशावरील व्याजही अधिक. या दोन खर्चांची बेरीज जेथे किमान होते, ती खेप योग्य.

४/ समजा, वर्षाला १२०० नग लागतात, एका जुळणीस १५० रुपये पडतात आणि एक नग वर्षभर सांभाळण्यास ४ रुपये. मागणी आणि जुळणीखर्च यांच्या गुणाकाराची दुप्पट करावी, तिला साठवणखर्चाने भागावे आणि वर्गमूळ काढावे. उत्तर येते ३००. वर्षाला चार खेपा; जुळणीखर्च ६०० रुपये आणि साठवणखर्चही ६०० रुपयेच!

५/ येथील वर्गमूळ महत्त्वाचे. मागणी चौपट झाली, तरी खेप केवळ दुप्पट करावी लागते. नुसत्या अनुभवाने हे सहजी उमगत नाही.

६/ १९३४ मध्ये आर. एच. विल्सन यांनी ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये साठानियंत्रणावर लेख लिहिला आणि हे सूत्र ‘विल्सन सूत्र’ म्हणून रूढ झाले. ज्यांनी हॅरिस यांचे नाव घेतले, त्यांपैकी अनेकांनी संदर्भ दिला तो १९१५ च्या एका पुस्तकाचा.

७/ अखेर १९८८ मध्ये कॅलिफोर्नियातील प्राध्यापक डोनाल्ड एर्लेनकॉटर यांनी मूळ लेख शोधून काढला. १९९० मध्ये तो ‘ऑपरेशन्स रिसर्च’ या नियतकालिकात पुनर्मुद्रित झाला. पुढील आयुष्यात पेटंट वकील झालेले हॅरिस तोवर हयात नव्हते. सूत्र पिढ्यान्‌पिढ्या शिकवले गेले, मूळ पान मात्र फारसे कोणी उघडले नाही. इतिहासाच्या अभ्यासकाने मूळ साधनापर्यंत का जावे, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.