आवळलेल्या संख्या व त्यांचा उलगडा

आवळलेली संख्या म्हणजे एका बाइटमध्ये दोन दशमान अंक बसवून साठवलेली संख्या. संगणकवाले तिला पॅक्ड डेसिमल म्हणतात. अर्धा बाइट म्हणजे निबल. एका निबलात एक अंक राहतो आणि अगदी शेवटच्या निबलात अंकाऐवजी चिन्ह असते. षोडशमान लेखनात सी म्हणजे धन, डी म्हणजे ऋण, एफ म्हणजे बिनचिन्हाची. आयबीएमने ७ एप्रिल १९६४ रोजी जाहीर केलेल्या सिस्टिम/३६० यंत्रमालिकेने ही पद्धत रुळवली, आणि कोबॉल भाषेतून ‘कॉम्प-३’ या नावाने ती बँका, विमा व पगारपत्रकांत मुरली. द्विमान अपूर्णांकात दहा पैशांसारखी साधी रक्कमही तंतोतंत बसत नाही, दशमान आवळणीत बसते. जागा वाचते हा फायदा त्याहून दुय्यम.

दशांशचिन्ह मात्र या बाइटांत कुठेच नसते. ते कितव्या अंकानंतर मानायचे हे आराखड्याच्या कागदावर लिहिलेले असते. आकडे नव्या यंत्रणेत गेले आणि आराखडा जुन्या कपाटात राहिला, की उलगडा अंदाजाने होऊ लागतो.

खरा घात अक्षरसंचाच्या रूपांतरात होतो. आयबीएमचा एब्सिडिक संच बदलून आस्की करताना सगळी फाइल मजकूर समजून पालटली, तर आवळलेले अंकही पालटतात. ४०,४०४.०५ रुपये ही रक्कम चार बाइटांत ‘४० ४० ४० ५सी’ अशी असते. एब्सिडिकमध्ये ४० म्हणजे मोकळी जागा आणि ५सी म्हणजे तारका. आस्कीत त्यांचे होतात २० आणि २ए. चिन्हाच्या जागी आलेला ‘ए’ही धनच मानला जातो, त्यामुळे यंत्र कुठेही अडत नाही आणि खात्यावर २०,२०२.०२ रुपये दिसतात. अडून बसणारी चूक परवडली. ही निमूटपणे पुढे सरकते. म्हणून मजकुराचे रकाने पालटावेत, आवळलेले रकाने बाइट न बदलता न्यावेत आणि मगच उलगडावेत.



आवळलेला आकडा उलगडण्याचा हाच प्रश्न रत्नागिरी जिल्ह्यात जमिनीच्या नोंदीत भेटतो. तिथे आवळणी यंत्राने केलेली नाही, लेखणीने केलेली आहे. सातबाऱ्यावरचे ‘०.६०.७०’ हे क्षेत्र दिसते एक संख्या, पण त्यात तीन एकके आवळलेली आहेत : हेक्टर, आर, चौरस मीटर. शंभर चौरस मीटरचा एक आर, शंभर आरचा एक हेक्टर. तिन्ही आकडे वेगळ्या रकान्यांत असतील आणि जोडताना पुढची शून्ये गळाली, तर १ हेक्टर ५ आर ७ चौरस मीटरचे ‘१.०५.०७’ न होता ‘१.५७’ होते. अर्ध्या हेक्टरहून अधिक जमीन कागदावर वाढते.

जुन्या नोंदीत एकर-गुंठे आहेत. एकराचे गुंठे ४०. म्हणून ‘१-२०’ म्हणजे दीड एकर, सुमारे ६०.७ आर. तेच १.२० एकर असे वाचले तर १२ गुंठे गायब होतात. स्प्रेडशीट तर ‘१-२०’ला सरळ तारीख समजते.

त्याहून नाजूक गोष्ट हिश्शांची. कोकणात एका उताऱ्यावर भाऊबंदांची नावे दाटीने असतात आणि जुन्या कागदांत त्यांचे वाटे आणे-पैत मांडलेले सापडतात. सोळा आणे म्हणजे पूर्ण मालकी, बारा पैचा एक आणा. तीन भावांना प्रत्येकी ५ आणे ४ पै दिले की बेरीज बरोबर सोळा आणे होते. हेच ०.३३ लिहिले तर तिघांचे मिळून ०.९९ होतात, ५.४ आणे वाचले तर १६.२. लिहिणाऱ्या जुन्या कारकुनाने तिसऱ्या भागाला जो अचूक आकडा दिला, तो दोन दशांश स्थळांत मावत नाही. असे वाटे अपूर्णांकाच्या रूपात, अंश आणि छेद वेगळे ठेवूनच न्यावे लागतात.

हस्तलिखित उतारा आणि संगणकीय उतारा यांत फरक दिसला, तर तो नोंदवताना पडला की रूपांतरात, हे नेहमी सांगता येत नाही. जमीन-नोंदींच्या संगणकीकरणाच्या ई-फेरफार प्रकल्पात हे दोन्ही जुळवण्यासाठी एडिट व री-एडिट मॉड्यूल वापरली गेली, आणि २०१७ साली गावोगावी चावडीवाचन झाले. १ मे २०१८पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला.

पडताळणीची खात्रीची रीत बेरजेचीच आहे. पोटहिश्शांची बेरीज मूळ क्षेत्राशी, सातबाऱ्याचे क्षेत्र आकारबंदाशी, म्हणजे भूमापनाच्या नोंदीशी, आणि वाट्यांची बेरीज सोळा आण्यांशी जुळली पाहिजे. बँकेच्या खात्यांतही स्थलांतराच्या आधीची व नंतरची एकूण शिल्लक अशीच ताडतात.

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मधील कलम १५५ खाली लेखनप्रमाद दुरुस्त करून घेता येतो. त्यासाठी जुना हस्तलिखित उतारा हाताशी लागतो. घरात असेल तर तो जपून ठेवावा.