सास्तूर परिसर : मानसिक उपचारांतील विषमता

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपाने लातूर आणि उस्मानाबाद (आजचा धाराशिव) जिल्ह्यांत सुमारे ८,००० बळी घेतले. लोहारा तालुक्यातील सास्तूर हे त्या वेळी उद्ध्वस्त झालेल्या गावांपैकी एक. पुनर्वसनात भूमिहीन व १ हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यांना २५० चौरस फुटांचे, ७ हेक्टरपर्यंत ४०० आणि त्यापुढे ७५० चौरस फुटांचे घर मिळाले. सातबारा नसलेल्याचे दुःखही लहान घरात मावावे, असा काहीसा हिशेब! भूमिहीनांत दलित आणि भटक्या-विमुक्तांचा भरणा मोठा, हे वेगळे सांगायला नको.

मनाच्या उपचारातही हीच उतरंड दिसते. तीव्र मनोविकाराची सुरुवात बहुधा तरुण वयात होते. झोप उडणे, अबोला, संशय, कानात आवाज येणे, ही लक्षणे दिसल्यापासून उपचार जितके लांबतील तितके बरे होणे कठीण जाते. तांड्यावरचे कुटुंब आधी देवऋषी गाठते. त्याला निव्वळ अंधश्रद्धा म्हणून हिणवणे सोपे आहे. पण देवऋषी गावातच असतो आणि आपल्या बोलीत विचारपूस करतो. सोलापूर किंवा लातूरला जायचे तर दोघांची मजुरी बुडते. राज्याची ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथील चारही जुनी मनोरुग्णालये मराठवाड्याबाहेर आहेत. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेलेला मजूर उन्हाळ्याच्या तोंडावर परततो. तेवढ्यात गोळ्यांचा क्रम तुटतो. पारधी समाजाची अडचण निराळी. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का १९५२ साली कागदावरून पुसला गेला, तरी भ्रमिष्ट तरुण दवाखान्याआधी पोलिसांच्या हाती लागण्याची धास्ती उरतेच. ब्रिटनमधील कृष्णवर्णीय रुग्णांबाबतही असेच आढळले आहे : उपचारांशी त्यांची गाठ अनेकदा पोलीस व सक्तीच्या भरतीमार्फत पडते.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ जात वा वर्गाचा भेद न करता उपचारांचा हक्क देतो. मात्र २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणातील १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर आलेल्या 'प्रेरणा' प्रकल्पाने आशा कार्यकर्तीला उंबरठ्यापर्यंत नेले, ही जमेची बाजू. २०२२ पासून 'टेलि-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येते. गोरमाटीच बोलणाऱ्या आजीला मात्र घरातला शिकलेला नातू दुभाषी म्हणून लागतो, आणि पुष्कळदा आजारी असतो तो तोच.