तळटीप ७ : पॅलेस थिएटर

७. पॅलेस थिएटर : कोल्हापूरचे आजचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह. राजर्षी शाहू महाराजांनी बांधवलेले हे नाट्यगृह १९१५ मध्ये खुले झाले. ‘ललितकलादर्श’चे गायकनट केशवराव (१८९०–१९२१) यांचे नाव त्याला नंतर देण्यात आले, पण जुन्या कोल्हापूरकरांप्रमाणे लेखकाच्याही तोंडी पहिलेच नाव आहे. मजकुरातली ‘मागची आरोळी’ नाटकातली नव्हे, तर कुस्तीची. नाट्यगृहाला खेटूनच खासबाग मैदान आहे. मध्ये तांबड्या मातीचा हौदा, भोवती प्रेक्षकांची उतरती बैठक. गाणे आणि कुस्ती अशी शेजारी नांदावीत, हे शाहूंच्या कोल्हापुरालाच शोभते. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, रंगमंच व प्रेक्षागृह आगीत जळाले. येथील वर्णन आगीपूर्वीचे आहे. — संपा.