ठासणीच्या रायफलीतली माशी

ठासणीची रायफल म्हटली की सगळे नळीबद्दल नाहीतर दारूबद्दल बोलतात. चापाकडे कोण बघतो?

चकमकीच्या बंदुकीत घोड्याची स्प्रिंग दणकट लागते, नाहीतर ठिणगी नीट पडत नाही. घोडा अडवून धरणारी अडणी मग त्याच्या खाचेत घट्ट बसते, चाप जड होतो आणि ओढताना नेम हलतो. हरीण पळालंच! खाच घासून चाप हलका करावा, तर नुसत्या धक्क्याने बार उडायची भीती.

अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियात, लँकेस्टरच्या आसपास वसलेल्या जर्मन कारागिरांकडे यावर मायदेशचा तोडगा होता. दोन चाप! मागचा ओढला की आतली स्प्रिंग ताणून बसते. मग पुढच्याला बोट नुसतं टेकलं तरी ती सुटून अडणीला टोला देते. खाच मात्र खोलच राहते.

पण टोला पडला क्षणभर. अडणी लगेच परत येते आणि पडत्या घोड्याच्या दुसऱ्या, सुरक्षेसाठी ठेवलेल्या अर्ध्या खाचेत अडकू शकते. म्हणून तिथे एक इवलासा हलता तुकडा बसवतात, अडणीला त्या खाचेवरून सरकवून नेणारा. इंग्रजीत त्याला 'फ्लाय', म्हणजे चक्क माशी म्हणतात. मला अख्ख्या रायफलीत हीच आवडली! ती हरवली तर घोडा अर्ध्यावर अडतो, नाहीतर अडणीचं टोकच तुटतं.