आयत्या फोटोंची कुळकथा

ऑटो बेटमन १९३५ साली बर्लिन सोडून न्यूयॉर्कला आले, ते दोन ट्रंका भरून चित्रं आणि निगेटिव्ह घेऊन. ते ज्यू होते, म्हणून नाझींनी त्यांची कला-ग्रंथालयातली नोकरी काढून घेतली होती. पुढच्याच वर्षी त्यांनी बेटमन आर्काइव्ह थाटलं. संग्रह मोठा होताच, पण त्यांची खरी हुशारी सूची करण्यात होती. संपादक कोणता विषय मनात धरून येईल, हे ओळखून ते चित्रं लावून ठेवत. आज वेबसाइटवर फोटो चढवताना छायाचित्रकार कीवर्ड भरतो, ते हेच काम.

आयते फोटो पुरवण्याच्या या धंद्यात फोटो विकला जात नसे, वापरण्याचा परवाना दिला जाई. छपाई मुखपृष्ठावर की आत, प्रती किती, कोणत्या देशात, किती काळ, यावर दर ठरे. मूळ स्लाइड कुरियरने जाई आणि परत यावी लागे. ती हरवली तर १५०० डॉलर भरपाई मागण्याची अमेरिकेत रीत होती. उत्पन्न एजन्सी आणि छायाचित्रकार बहुधा निम्मं-निम्मं वाटून घेत. मुंबईत जगदीश अगरवाल यांनी १९८७ मध्ये सुरू केलेली दिनोदिया ही आपल्याकडची जुनी पेढी.

१९९१ मध्ये सिएटलच्या फोटोडिस्कने शेकडो फोटो एकाच सीडीत घालून विकायला काढले: पैसे एकदा द्या, हवं तितक्यांदा वापरा. छोट्या छापखान्यालाही चांगला फोटो परवडू लागला, हे मला या बदलातलं खरं पुण्य वाटतं. २००० साली कॅलगरीत ब्रूस लिव्हिंगस्टन यांनी आयस्टॉकफोटो सुरू केलं. डिझायनरांनी आपापसांत फोटोंची देवाणघेवाण करावी, एवढाच सुरुवातीचा हेतू. पुढे त्याला दर लागला आणि २००६ मध्ये गेटी इमेजेस या फोटो-एजन्सीने ते ५ कोटी डॉलरला घेतलं. मधल्या काळात, २००३ साली, जॉन ओरिंजर यांनी स्वतःच्या सुमारे ३०,००० फोटोंवर शटरस्टॉक उभारलं आणि मासिक वर्गणी आणली.

घेणाऱ्याला आजही परवाना वाचावाच लागतो. टी-शर्टवर किंवा मगवर फोटो छापून विकायचा, तर साधा परवाना चालत नाही. चेहरा ओळखू येतो आणि त्या माणसाचं संमतिपत्र नाही, असा फोटो बातमीला चालतो, जाहिरातीला नाही.

देणाऱ्याचा वाटा मात्र आक्रसत गेला. २०२० पासून शटरस्टॉक १५ ते ४० टक्के देतं, कमीत कमी १० सेंट. वर्षभरात जितके फोटो उचलले जातील, तितकी टक्केवारी वाढते, आणि १ जानेवारीला सगळे पुन्हा १५ टक्क्यांवर. वर्षानुवर्षं भांडार भरणाऱ्या माणसाला दर वर्षी नवशिक्याच्या रांगेत उभं करणं मला अन्यायाचं वाटतं. आता हेच फोटो चित्रं काढणाऱ्या संगणकांना शिकवण्यासाठीही विकले जातात. त्याचा मोबदला शटरस्टॉक २०२२ मध्ये जाहीर केलेल्या निधीतून वाटतं. हा वाटा कंपनीच ठरवते.