वस्तूंचें पारपत्र

परदेशीं जातांना माणसानें पारपत्र बाळगावें, ही गोष्ट आतां सर्वांच्या अंगवळणीं पडली आहे. परंतु एखाद्या निर्जीव वस्तूनेंहि आपलें जन्मस्थान, घटक आणि आजवरचा प्रवास सांगणारें पत्र जवळ ठेवावें, ही कल्पना ऐकून कोणासहि कौतुक वाटेल. युरोपीय संघानें हीच कल्पना कायद्यांत आणिली आहे. तथापि तिचें मूळ शोधूं गेल्यास तें आजच्या संगणकयुगांत नव्हे, तर मध्ययुगीन सोनारांच्या दुकानांत सांपडतें.

इ. स. १३०० मध्यें इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड यानें असा कायदा केला कीं, चांदीचें पात्र ठरलेल्या कसाला उतरून त्यावर बिबळ्याच्या मुखाची मुद्रा उमटल्यावांचून तें विकूं नये. १३६३ सालीं कारागिराची स्वतःची खूणहि आवश्यक ठरली. पण परीक्षकच हलगर्जीपणा करूं लागला तर काय, हा प्रश्न उरलाच. परीक्षकांच्या चुकांबद्दल लंडनच्या सोनारसंघालाच जबाबदार धरण्यांत येऊं लागलें, तेव्हां १४७८ पासून सर्व माल संघाच्या सभागृहांत, म्हणजे ‘हॉल’मध्यें, आणून तपासण्याची आणि त्यावर वर्षाचें अक्षर उमटविण्याची पद्धत पडली. ‘हॉलमार्क’ हा शब्द यांतूनच निघाला. अक्षरावरून वर्ष कळे आणि वर्षावरून परीक्षक कोण होता तें कळे. वस्तु कशी आहे, ती कोणी घडविली आणि तिची ग्वाही कोणी दिली, या तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें अशा रीतीनें धातूवर कोरलीं गेलीं.

पुढें माल यंत्रावर घडूं लागला, आणि प्रत्येक नगावर मुद्रा मारणें अशक्य झालें. अमेरिकेंत जोसेफ वुडलंड नांवाच्या तरुणानें मायामीच्या समुद्रकिनाऱ्यावर वाळूंत बोटें ओढतांना तारायंत्राच्या ‘कट्ट-कड’ लिपीचे ठिपके व रेघा खालीं लांबवून पाहिल्या, आणि त्यांतून पट्ट्यांची लिपि सुचली. त्याला व त्याचा सहकारी बर्नार्ड सिल्व्हर याला १९५२ सालीं तिचें पेटंट मिळालें. मात्र त्या लिपीचें सुधारलेलें रूप प्रत्यक्ष दुकानांत वापरावयास २६ जून १९७४ हा दिवस उजाडावा लागला. त्या दिवशीं ओहायो संस्थानांतील ट्रॉय येथें च्युइंगगमची एक पुडी यंत्रानें प्रथम वाचली. परंतु आमच्या नैयायिकांच्या भाषेंत सांगावयाचें तर या रेघा ‘जाति’ सांगत, ‘व्यक्ति’ सांगत नसत. एका जातीच्या हजारों पुड्यांवर रेघा तेवढ्या एकच.

ही उणीव भरून काढण्यास अधिक मजकूर मावणारी लिपि हवी होती. १९९४ सालीं जपानांत मासाहिरो हारा यांनीं मोटारीच्या भागांची नोंद ठेवण्यासाठीं काळ्यापांढऱ्या चौकटींची क्यूआर लिपि सिद्ध केली. तिचा कांहीं भाग मळला किंवा फाटला तरी ती वाचतां येते. आज पारपत्रासाठीं हीच चौकट वापरली जाते. पण सारी माहिती तिच्या पोटांत नसते. ती केवळ किल्ली होय. कोठार अन्यत्र असतें.

युरोपच्या २०२३ च्या बॅटरीविषयक कायद्यानें विजेच्या मोटारींच्या, हलक्या वाहनांच्या, आणि २ किलोवॉट-तासांहून मोठ्या औद्योगिक बॅटऱ्यांना असें पारपत्र सक्तीचें केलें व त्यासाठीं १८ फेब्रुवारी २०२७ हा दिवस नेमला. २०२४ च्या दुसऱ्या कायद्यानें हेंच तत्त्व इतर अनेक वस्तूंना लागू करण्याचा मार्ग मोकळा केला. ग्राहकाला कांहीं माहिती खुली, दुरुस्ती करणाऱ्याला अधिक, आणि सरकारी अधिकाऱ्याला त्याहून निराळी, अशी तींत व्यवस्था आहे. कारखाना बुडाला तरी पारपत्र बुडूं नये, अशीहि तरतूद आहे. बॅटरीचा दुसऱ्या कामीं उपयोग झाला तर तिला नवें पारपत्र मिळतें व त्यांत पूर्वजन्माचा दाखला राहतो. तिचे घटक वितळवून वेगळे झाले, म्हणजे पारपत्रहि संपतें.

ही योजना सुंदर आहे, यांत शंका नाहीं. परंतु तिच्या भक्तांचा साधनांवरील विश्वास मात्र वाजवीपेक्षां अधिक दिसतो. कित्येकजण ‘ब्लॉकचेन’ या साखळीनोंदीचा आग्रह धरतात, कारण तींत लिहिलेलें मागाहून गुपचुप बदलणें कठीण. पण मुळांत खोटें लिहिलें असेल तर तेंच खोटें अढळ होऊन बसतें! कांगोच्या खाणींतून निघालेल्या कोबाल्टला हात कोणाचे लागले, तीं मुलें होतीं कीं प्रौढ, हें चौकट सांगूं शकत नाहीं. तेथें जाऊन पाहणारा आणि आपल्या शब्दाबद्दल जाब देणारा माणूसच सांगूं शकतो.

आपल्याकडेहि २०२१ पासून दागिन्यांवर सहा अक्षर-अंकांची स्वतंत्र खूण उमटूं लागली, आणि १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्याला ती अनिवार्य झाली. लग्नसराईंत पाटल्या घेणाऱ्या गृहिणीला त्या खुणेवरून कस कोणत्या केंद्रांत लागला हें पाहतां येतें. म्हणजे १४७८ सालचें तें अक्षर आपल्या घरीं आलें आहे. आतां तें वाचून जाब विचारण्याची संवय आपण लावून घेतली पाहिजे. विचारणाराच नसेल तर उत्तम पारपत्रहि शोभेचा कागद ठरेल.