सर्फिंगचे साहित्य

सर्फिंगचे साहित्य म्हणजे समुद्राच्या लाटांवर फळीच्या आधारे स्वार होण्याच्या क्रीडाप्रकारात वापरली जाणारी उपकरणे, वस्त्रे आणि पूरक वस्तू होत. सर्फबोर्ड, बोर्ड पायाला बांधणारा दोर (लीश), बोर्डाच्या तळाचे पंख (फिन), पकडीसाठीचे मेण आणि ऊन व घर्षण यांपासून संरक्षण देणारे कपडे यांचा त्यात प्रामुख्याने समावेश होतो. साहित्याची उपयुक्तता वापरणाऱ्याचे वजन व कौशल्य, पाण्याचे तापमान आणि किनाऱ्याचे स्वरूप या तीन गोष्टींवर अवलंबून असते. बाजारात मिळणारे बरेचसे साहित्य थंड समुद्रासाठी तयार केलेले असते. अरबी समुद्राच्या उबदार पाण्यात त्यातील अनेक वस्तूंची गरज भासत नाही. त्यामुळे स्वतःसाठी खरेदी करताना किंवा सर्फिंग करणाऱ्या व्यक्तीस भेट देताना हा फरक लक्षात घ्यावा लागतो.

## इतिहास

हवाई बेटांवर सर्फिंगची जुनी परंपरा आहे. तेथे कोआ, विलीविली इत्यादी झाडांच्या लाकडापासून बोर्ड तयार केले जात. ओलो नावाचे लांब बोर्ड सरदारवर्गाशी निगडित होते, तर अलाया हा तुलनेने आखूड व पातळ प्रकार होता. हवाईचे जलतरणपटू आणि १९१२ च्या ऑलिंपिकमधील सुवर्णपदक विजेते ड्यूक कहानामोकू यांनी या खेळाचा इतर देशांत प्रसार केला. अमेरिकेचे टॉम ब्लेक यांनी वजनाने हलका पोकळ बोर्ड तयार केला आणि १९३५ मध्ये बोर्डाच्या तळाला पंख जोडला. त्यामुळे बोर्डाला दिशा देणे सोपे झाले. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून पॉलियुरेथेन फोमवर फायबरग्लासचे आवरण चढवलेले बोर्ड रूढ झाले आणि लाकडाचा वापर मागे पडला.

लीशचा वापर १९७१ च्या सुमारास कॅलिफोर्नियात सुरू झाला. सुरुवातीचे लीश शस्त्रक्रियेत वापरल्या जाणाऱ्या रबरी नळीचे होते. ते अतिशय ताणले जात आणि बोर्ड वेगाने उलट येई. वेटसूटचे प्रसिद्ध निर्माते जॅक ओनील यांचा डावा डोळा अशाच अपघातात निकामी झाला. पुढे कमी ताणल्या जाणाऱ्या युरेथेनचे दोर प्रचारात आले. ऑस्ट्रेलियाचे सायमन अँडरसन यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी तीन पंखांची रचना लोकप्रिय केली. सर्फिंगचा ऑलिंपिकमध्ये प्रथम समावेश टोकियो येथील स्पर्धेत झाला. ही स्पर्धा २०२१ मध्ये पार पडली.

## सर्फबोर्डाची निवड

बोर्डाची लांबी फूट व इंचांत, तर घनफळ लिटरमध्ये सांगितले जाते. घनफळ जितके अधिक तितका बोर्ड पाण्यावर अधिक तरंगतो, स्थिर राहतो आणि लहान लाट पकडणे सोपे जाते. शिकाऊ व्यक्तीसाठी बोर्डाचे लिटरमधील घनफळ तिच्या किलोमधील वजनाइतके किंवा त्याहून अधिक असावे, असा ढोबळ नियम वापरला जातो. म्हणजेच ६५ किलो वजनाच्या शिकाऊ व्यक्तीस किमान ६५ लिटरचा बोर्ड सोयीचा ठरतो. अनुभवी व्यक्ती याच वजनाला त्याच्या निम्म्याहूनही कमी घनफळाचा बोर्ड वापरू शकते.

* सॉफ्टटॉप: वरचा थर मऊ फोमचा असतो. लांबी साधारण ७ ते ९ फूट असते. अंगावर आदळल्यास इजा कमी होत असल्याने सर्फिंग शाळांत हाच प्रकार वापरला जातो.
* लाँगबोर्ड: सुमारे ९ फूट किंवा अधिक लांब, गोल टोकाचा बोर्ड. मंद व लहान लाटांसाठी योग्य.
* शॉर्टबोर्ड: साधारण साडेपाच ते साडेसहा फूट लांब, टोकदार बोर्ड. वेगवान व उंच लाटा आणि अनुभवी व्यक्ती यांच्यासाठी.

आखूड बोर्ड दिसायला आकर्षक आणि नेण्यास सोपा असला, तरी शिकाऊ व्यक्तीस त्यावर उभे राहणे अवघड जाते. जुना बोर्ड घेताना तडे, आवरण सुटल्याने आलेले फुगवटे आणि आत पाणी शिरल्याने वाढलेले वजन तपासले जाते.

## पूरक साहित्य

लीश: याची लांबी साधारणपणे बोर्डाच्या लांबीइतकी असते. तो मागच्या पायाच्या घोट्याला, तर लाँगबोर्डासाठी कधीकधी गुडघ्याखाली बांधला जातो. लीशमुळे सुटलेला बोर्ड इतरांवर आदळत नाही. तथापि तो तुटू शकतो, त्यामुळे त्याला जीवरक्षक साधन मानले जात नाही. पोहता न येणाऱ्याने केवळ लीशच्या भरवशावर खोल पाण्यात जाणे धोक्याचे असते.

फिन: काढता-घालता येणाऱ्या पंखांच्या एफसीएस आणि फ्यूचर्स या दोन प्रमुख पद्धती आहेत. दोन्हींच्या खाचा वेगळ्या असल्याने एका पद्धतीचे पंख दुसऱ्या पद्धतीच्या बोर्डात बसत नाहीत.

मेण: पाय घसरू नयेत म्हणून बोर्डाच्या वरच्या बाजूस मेण घासले जाते. मेणाच्या वड्या पाण्याच्या तापमानानुसार थंड, उबदार, उष्ण कटिबंधीय अशा प्रकारांत मिळतात. कोकण व गोव्याच्या किनाऱ्यालगत पाण्याचे तापमान बहुतांश काळ २५ अंश सेल्सिअसपेक्षा अधिक असल्याने तेथे उष्ण कटिबंधीय मेण लागते. थंड पाण्यासाठीचे मेण अशा पाण्यात मऊ पडते व त्याची पकड राहत नाही.

कपडे: निओप्रीनचा वेटसूट शरीराची उष्णता टिकवतो. त्यावरील ३/२ असा आकडा धडावरील ३ मिलिमीटर व हातापायांवरील २ मिलिमीटर जाडी दर्शवतो. पश्चिम किनाऱ्यावर अशा सूटची सहसा गरज नसते. त्याऐवजी लांब बाह्यांचा, अंगाला घट्ट बसणारा सदरा (रॅश गार्ड) वापरला जातो. तो उन्हापासून आणि मेणाने माखलेल्या बोर्डाच्या घर्षणापासून त्वचेचे रक्षण करतो.

सनस्क्रीन: झिंक ऑक्साइडचा जाड लेप पाण्यात तुलनेने अधिक काळ टिकतो. प्रवाळांना अपाय होत असल्याच्या कारणावरून हवाई राज्याने ऑक्सिबेन्झोन व ऑक्टिनॉक्सेट असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर १ जानेवारी २०२१ पासून निर्बंध घातले. महाराष्ट्रातही मालवणच्या समुद्रात प्रवाळ आढळतात आणि तेथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. त्यामुळे ही बाब येथेही विचारात घेण्याजोगी आहे.

## पनवेल आणि पश्चिम किनारा

पनवेल शहर खाडीकाठी वसलेले असून तेथे सर्फिंगयोग्य लाटा नाहीत. मात्र राष्ट्रीय महामार्ग ६६, ज्याचा बराचसा भाग पूर्वी क्रमांक १७ म्हणून ओळखला जाई, पनवेल येथे सुरू होऊन कन्याकुमारीपर्यंत जातो. गोव्याच्या पेडणे तालुक्यातील हरमल व आश्वे, कर्नाटकातील गोकर्ण व मुल्की, केरळमधील वर्कला व कोवळम ही सर्फिंगची ठिकाणे याच महामार्गाच्या आसपास आहेत. मुल्की येथील मंत्रा सर्फ क्लब २००४ मध्ये सुरू झाला. तो भारतातील आरंभीच्या सर्फिंग संस्थांपैकी एक आहे. पनवेलहून रोहामार्गे कोकण रेल्वेवर जाणाऱ्या गाड्यांमुळेही या ठिकाणी पोहोचता येते.

रेल्वेने बोर्ड नेताना त्याची लांबी अडचणीची ठरते. प्रवासी डब्यात नेता येणाऱ्या पेटीसाठी १०० × ६० × २५ सेंटिमीटर ही मर्यादा आहे. आठ फुटी बोर्ड सुमारे २४४ सेंटिमीटर लांब असल्याने तो सामान म्हणून नोंदवून मालडब्यातून पाठवावा लागतो. त्यामुळे वर्षातून एक-दोन वेळा जाणाऱ्या व्यक्तीस सर्फिंग शाळेतून बोर्ड भाड्याने घेणे सोयीचे पडते.

## हंगाम आणि सुरक्षितता

जून ते सप्टेंबर या काळात नैऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे अरबी समुद्र खवळलेला असतो. महाराष्ट्रात १ जूनपासून पावसाळी मासेमारी बंदी लागू होते आणि कोळी समाज नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा करून पुन्हा होड्या पाण्यात लोटतो. गोव्यातील सर्फिंग शाळांचा हंगामही प्रामुख्याने पावसाळ्यानंतर सुरू होतो. कोरड्या महिन्यांत दक्षिणेकडील महासागरातून येणाऱ्या लहान व संथ लाटा शिकाऊ व्यक्तींसाठी अनुकूल असतात.

भरती-ओहोटीचा परिणाम ठिकाणानुसार बदलतो. उत्तर कोकणात पाण्याच्या पातळीतील फरक गोव्यापेक्षा बराच मोठा असतो. अलिबाग येथे ओहोटीच्या वेळी कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जाता येते, तर भरतीत तोच भाग पाण्याखाली जातो. उधाणाच्या दिवसांत हा फरक वाढतो आणि भांगाच्या दिवसांत कमी होतो. किनाऱ्यापासून आत ओढणाऱ्या प्रवाहात सापडल्यास बोर्ड न सोडता किनाऱ्याला समांतर सरकत प्रवाहाबाहेर पडणे हा सर्वसाधारण उपाय आहे. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र (इन्कॉइस) उंच लाटांचे इशारे आणि समुद्रस्थितीचा अंदाज प्रसिद्ध करते.

## भेटवस्तू म्हणून निवड

बोर्ड आणि पंख हे वजन, कौशल्य व आवडीशी जुळावे लागत असल्याने ते वापरणाऱ्यास न विचारता घेतल्यास वाया जाण्याची शक्यता असते. पुढील वस्तू बहुतेक सर्वांना उपयोगी पडतात:

* उष्ण कटिबंधीय मेण आणि ते खरवडण्याची फणी. या वस्तू वारंवार लागतात व त्यांना मापाचा प्रश्न येत नाही.
* बोर्डाच्या लांबीचा जादा लीश. यासाठी केवळ बोर्डाची लांबी माहीत असावी लागते.
* लांब बाह्यांचा रॅश गार्ड आणि झिंकयुक्त सनस्क्रीन.
* पाणी न शिरणारी पिशवी. तीत फोन, किल्ल्या व कोरडे कपडे राहतात.
* सुती पंचा. तो लवकर वाळतो, कमी जागा घेतो आणि आडोसा नसलेल्या किनाऱ्यावर कपडे बदलण्यासही उपयोगी पडतो.
* तडे बुजवण्याचे साहित्य. पॉलिस्टर रेझिनमुळे ईपीएस फोम विरघळतो, त्यामुळे अशा बोर्डासाठी इपॉक्सी रेझिनच घ्यावे लागते.

नव्याने शिकणाऱ्या व्यक्तीसाठी प्रशिक्षणाचे शुल्क भरणे ही सर्वांत उपयुक्त भेट मानता येते. पोहता येत नसल्यास त्याआधी पोहण्याचे वर्ग अधिक गरजेचे ठरतात.

## देखभाल

वापरानंतर बोर्ड, लीश व कपडे गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवले जातात. बंद मोटारीत किंवा कडक उन्हात ठेवल्यास मेण वितळते आणि आतील हवा प्रसरण पावून बोर्डाचे आवरण सुटू शकते. त्यासाठी चंदेरी रंगाचे, उष्णता परावर्तित करणारे आवरण वापरतात. तडा गेलेला बोर्ड दुरुस्तीपूर्वी पूर्ण वाळवणे आवश्यक असते. लीशच्या दोरावर चीर दिसल्यास किंवा घोट्याची पट्टी सैल झाल्यास तो बदलला जातो.